सत्तूरताईने पाळलेली बावीस वर्षं

बाजारात तिला सगळे सत्तूर म्हणायचे. तोंडावर अर्थात ताई. तोंडावर सत्तूर म्हणायची छाती आजवर एकाचीच झाली होती, आणि तो गृहस्थ पुढे दोन महिने मटण आणायला पार पुलापलीकडे जात होता. बापाचं खाटकाचं दुकान तिने एकविसाव्या वर्षी हातात घेतलं. सकाळी गाडी आली की अख्खं जनावर खांद्यावर घेऊन ती आकड्याला अडकवायची, रबरी एप्रन चढवायची, आणि ओंडक्यावर पहिला घाव पडला की शेजारचा भाजीवाला आपलं घड्याळ लावून घ्यायचा. एका घावात बरगडीचे दोन, दुसऱ्यात चार. मटणात हाडाची किरच निघाली तर खुशाल येऊन भांडा, ती बदलून देईल. पण "ताई, जरा हात सैल सोडा की" असं म्हणालात, तर सत्तूर ओंडक्यात रोवून ती तुमच्याकडे अशी बघेल की तुम्ही घेतलेली पिशवीही तिथेच विसराल.

रविवारी हीच बाई डोक्याला पांढरा रुमाल बांधून चर्चमध्ये वेदीच्या उजव्या हाताला उभी राहायची, हातात पितळी थाळी घेऊन. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, लोक रांगेने पुढे येतात आणि फादर एकेकाला ख्रिस्तप्रसाद देतात. ती पांढरी, गोल, पातळ भाकर म्हणजे खुद्द प्रभूचं शरीर. ती चुकून निसटली तर जमिनीवर पडू नये म्हणून कोणीतरी घेणाऱ्याच्या हनुवटीखाली थाळी धरतं. सत्तूरच्या समोर बावीस वर्षांत एक कण खाली पडला नव्हता. थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्या आल्या, शिंकणारी पोरं आली, एकदा तर घेरी येऊन एक बाई सरळ अंगावर कोसळली. थाळी हलली नाही.

ही बावीस वर्षं तिच्या बोलण्यात सारखी यायची. ती कुठून मोजायची ते सांगतो.

एकतिसाव्या वर्षी तिचा नवरा पळून गेला. मेला असता तर सुटली असती, पण हा दिवटा दुसरीचा हात धरून गेला, त्याला तिकडे दोन पोरं झाली आणि तो चांगला धडधाकट राहिला. तीन वर्षांनी एक वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस दुकानात यायला लागला. विधुर, हळू बोलणारा, नखं स्वच्छ. एकदा आला, काटा तपासला. पुन्हा आला, पुन्हा तपासला. चौथ्यांदा आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, काटा बिघडलेला नाही, तुम्ही बिघडलाय." तो हसला आणि त्याने तिथेच, टांगलेल्या धडांच्या मधे उभं राहून तिला मागणी घातली. तिला तो हवा होता. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा, रात्र रात्र झोप लागत नव्हती तिला. पण चर्चचा नियम असा की नवरा जिवंत आहे तोवर लग्न कायम. ते लग्न मुळातच रद्द ठरवा असा तिने अर्ज केला, कागद चर्चच्या न्यायालयात गेले, चौदा महिन्यांनी परत आले. विवाह वैध. त्या वेळचे म्हातारे फादर म्हणाले, "देव बघतोय, पोरी." तिने काटेवाल्याला नाही म्हणून सांगितलं. घरी येऊन तिने कपड्यांचं लाकडी कपाट सत्तुराने फोडलं, फळी न् फळी वेगळी होईपर्यंत. आणि रविवारी थाळी धरायला गेली. बावीस वर्षं तिथून.

आता भावाचं. आई गेली तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता आणि ही त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. त्याचं नाक पुसण्यापासून त्याची फी भरण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. तो सत्तावीस वर्षांचा असताना ती एका दुपारी दुकानातून तशीच, एप्रनच्या खिशात सुरी परजायची सळई ठेवून, त्याच्या भाड्याच्या खोलीवर कलेजी द्यायला गेली. दार लोटलेलं होतं. आत तो आणि गल्लीतला शिंपी एका चादरीत झोपले होते. तिने कलेजीची पिशवी खाली ठेवली, सळई काढली आणि भावाच्या डाव्या कानावर हाणली. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा शिंपी मधे पडला, तर त्याच्या खांद्यावर बसली. उशी लाल झाली. त्या कानाने भावाला पुन्हा ऐकू आलं नाही. त्यानंतर पंधरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

तो सरकारी इस्पितळात ड्रेसर झाला. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. शिंप्याबरोबरच राहायचा. गिऱ्हाइकं येऊन सांगायची, "ताई, तुमच्या भावाने आईचा पाय वाचवला हो." ती म्हणायची, "अर्धा किलो ना?"

आणि अशात नवे फादर आले. चाळिशीचे, बोलायला तिखट, चालायला भरभर. त्यांनी गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बैठक सुरू केली. पुरुषावर जीव असलेले पुरुष, बाईवर जीव असलेल्या बाया, त्यांचे आईबाप, ज्यांना यायचं त्यांनी यावं. प्रार्थना, चहा, बोलणं. झालं, दोन महिन्यांत चर्चचे उभे दोन तुकडे पडले. एक नियमवाले, एक सगळ्यांना दार उघडं ठेवा म्हणणारे दारवाले. सख्ख्या जावा एका बाकावर बसेनात. गाणाऱ्यांतले निम्मे वरच्या पट्टीत आणि निम्मे खालच्या पट्टीत मुद्दाम गायला लागले, म्हणजे देवाच्या कानालाही शिक्षा.

नियमवाल्यांची पुढारी सत्तूर होणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिच्या उजव्या हाताला बाजारात जिम चालवणारा एक जण, जिमवाला. त्याला नियमाचं काडीचं ज्ञान नव्हतं, पण दंड होते आणि ते वापरायला निमित्त हवं होतं.

वाद मिटवायला फादरांनी सगळ्यांची सभा बोलावली. ते म्हणाले, "मी शिकवण बदललेली नाही. तो अधिकार माझा नाही. लग्न म्हणजे काय, हे चर्च सांगतं तेच मी सांगतो. पण या माणसांना आदराने वागवा, हेही चर्चच सांगतं. तेवढं पान तुम्ही वाचायचं सोडता."

"आदराचं कोण बोलतंय?" सत्तूर उठली. "चहा पाजा, गाणी म्हणा. पण गुरुवारी चहा आणि रविवारी प्रसाद, असं चाललंय ते आम्हाला दिसत नाही का? मला एक सांगा फादर. मी काटेवाल्याला नाही म्हटलं. तुमच्याच खुर्चीवर बसून जुन्या फादरांनी मला सांगितलं होतं, देव बघतोय. आता काय, देवाने डोळे मिटले?"



"तुझ्यावर कदाचित फार ओझं टाकलं गेलं," फादर म्हणाले. मनाने चांगला माणूस, पण नको ते बोलून गेला.

"कदाचित?" तिने समोरची लोखंडी खुर्ची उचलली आणि भिंतीवर फेकली. प्लास्टर पडलं. "बावीस वर्षं रिकाम्या घरात जेवले मी! ती कदाचित का? त्यांना सूट असेल तर मला का नव्हती? आणि मला नव्हती तर त्यांनाही नाही!"

तिचं दुखणं ते हे. उद्या भाऊही प्रसाद घेणार असेल, तर तिने तो भला माणूस उगाच दारातून परत पाठवला असं होणार होतं. ते तिला मेलं तरी चालणार नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दुकानात जिमवाला म्हणाला, "ताई, त्या शिंप्याचं काय करायचं?" ती मणक्यावर घाव घालत होती. वर न बघता म्हणाली, "हात बसले त्याचे, की येतील दोघं शुद्धीवर." आता खाटकिणीच्या दुकानात हात बसणे म्हणजे धंदा बसणे. गिऱ्हाईक तुटलं की ती रोज म्हणायची, माझे हात बसले. भाजीवाल्याला ते कळलं असतं. जिमवाल्याला कळलं नाही. संध्याकाळी तो आणि त्याचे तिघे शिंप्याच्या दुकानात शिरले, त्याचे दोन्ही हात उंबऱ्यावर दाबून धरले आणि वरून लोखंडी शटर खाली ओढलं. दोनदा. सात बोटं मोडली.

सत्तूरला कळलं तेव्हा तिने जिमवाल्याला ओंडक्यापाशी बोलावलं आणि त्याच्या दोन थोबाडीत अशा दिल्या की त्याचा ओठ फाटला. "मी असं कधी म्हटलं रे, मुडद्या?"

"तुम्हीच म्हणालात ताई, हात बसले पाहिजेत."

पोलिसांत ती गेली नाही. शिंप्याकडेही गेली नाही. त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं.

मग तो रविवार आला. चर्च खचाखच भरलं होतं, डावीकडे नियमवाले, उजवीकडे दारवाले. प्रसादाची रांग लागली. सत्तूर थाळी घेऊन फादरांशेजारी उभी. म्हातारा, म्हातारी, शाळामास्तरीण, आणि त्यांच्यामागे तिचा भाऊ. पंधरा वर्षांत केस पांढरे झालेले. एकटाच होता, शिंपी आपल्या धर्माचा नव्हता आणि तसाही दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालून इस्पितळात पडला होता. भावाने हात जोडलेले, नजर खाली.

"फादर," ती दातओठ खात पुटपुटली, "देऊ नका."

"रांगेतल्या माणसाचं मन मला दिसत नाही," फादर तितक्याच हळू म्हणाले. मग भावाकडे वळून म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," भाऊ म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं.

फादरांचा हात त्याच्या ओठांपाशी पोचला आणि सत्तूरने हनुवटीखालची थाळी तश्शीच वर हाणली. पितळ दातांवर आपटल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. प्रसाद उडाला. भाऊ मागे कलंडला, तोंडातून रक्ताची धार लागली, आणि तिने थाळी टाकून उजव्या मुठीने त्याच्या जबड्यावर दुसरा ठोसा मारला. तिच्याच बोटांत काहीतरी काडकन मोडलं.

मग काय, अख्खं चर्च उठलं. जिमवाला बाकावरून उडी मारून आला आणि पडलेल्या भावाच्या बरगडीत त्याने लाथ घातली. दारवाल्यांतल्या एका सुताराने त्याच्या पाठीत प्रार्थनेचं जाड पुस्तक घातलं, ते लागलं नाही म्हणून मग बाकाची फळी. शाळामास्तरणीने एकाचे केस धरले. लेकुरवाळ्या बाया पोरं काखोटीला मारून बाहेर पळाल्या, म्हातारे त्यांच्या मागे. कोणीतरी मेणबत्त्यांचा पितळी स्टँड फिरवला, तो फादरांच्या कपाळावर बसला. फादर रक्त गाळत उठले आणि त्यांनी जिमवाल्याचा गळा दोन्ही हातांनी आवळला. होय, फादरांनी. एक दात वेदीच्या पायरीवर टकटकत गेला. भाऊ गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, डोक्यावर हात धरून. त्याने एकदाही हात उगारला नाही.

आणि त्या गदारोळात शाळामास्तरीण किंचाळली, "प्रसाद! अरे, प्रसाद खाली पडलाय!"

सगळं थांबलं. अगदी थांबलं. उगारलेली फळी उगारलेलीच राहिली. फादरांच्या हातातून जिमवाल्याचा गळा सुटला. कोणी पाय टाकेना, कारण पायाखाली काय येईल ते माहीत नाही. मग जिमवाल्याने उभ्या जागी बूट काढले आणि तो गुडघ्यांवर बसला. सुतार बसला. मास्तरीण बसली. ज्यांनी आता एकमेकांची डोकी फोडली होती ती पन्नास-साठ माणसं रक्ताळलेल्या नाकांनी फरशीवर रांगायला लागली, तळवे टेकवून, फुंकर न मारता. "तुझ्या गुडघ्याखाली बघ रे." "बघितलं दादा, तुम्ही जरा सरका." इतक्या मायेने तिथे कोणी वर्षभरात बोललं नव्हतं.

सापडला तो सत्तूरला. पहिल्या बाकाखाली, भावाच्या रक्ताच्या एका थेंबावर चिकटलेला. तिने डाव्या हाताने तो उचलला. अर्धा पांढरा, अर्धा लाल.

"कोणीतरी घ्यायला हवा," फादर धापा टाकत म्हणाले. जमिनीवर पडलेला प्रसाद टाकत नाहीत, कोणीतरी भक्तीने खातं.

"पण मोठं पाप अंगावर असताना घेता येत नाही," सत्तूर म्हणाली. सवयच ती, नियम तोंडात बसलेला. "आधी फादरांपुढे पापाची कबुली, पापनिवेदन. इथे वेदीपुढे ज्याने हात उचलला, त्याला चालणार नाही."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सुताराने फळी हळूच पाठीमागे लपवली. जिमवाला म्हणाला, "मी नाही बाबा." मास्तरणीच्या मुठीत अजून केस होते. ज्यांनी हात उचलला नव्हता ते केव्हाच बाहेर पळाले होते.

"तुम्ही घ्या, फादर," कोणीतरी म्हणालं.

"मी त्याचा गळा दाबला," फादर म्हणाले. "सोडला नसता मी."

हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. भाऊ बाकाला टेकून बसला होता, शर्ट पुढून भिजलेला. त्याने कोणावरही हात उचलला नव्हता. तो बहिणीकडे बघत होता. फक्त बघत होता.

"तो नाही," सत्तूर म्हणाली.

"का?" फादरांनी विचारलं.

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"तुला काय माहीत?" फादर ओरडले. "तो काल माझ्याकडे पापनिवेदनाला आला की नाही, काय बोलला, काय कबूल केलं, हे तुला माहीत आहे? पापनिवेदनातलं मला कोणाला सांगता येत नाही, आणि तुला कळणार नाही. मग तू कशावरून म्हणतेस?"

तिचा हात पुढे झाला नाही. प्रसाद तिच्या चिमटीत होता आणि भाऊ चार पावलांवर होता, आणि ती चार पावलं तिला टाकता येईनात. बावीस वर्षांचं ओझं आडवं आलं.

"पाणी आणा मग," फादर शेवटी म्हणाले. तोही नियमच आहे. घेणारं कोणी नसेल तर प्रसाद पाण्यात ठेवायचा, विरघळू द्यायचा. मास्तरणीने काचेचा पेला आणला. पाणी किंचित गुलाबी झालं. भाऊ ते बघत होता आणि मग त्याने तोंड फिरवलं.

वेदीमागच्या खोलीत औषधांची पेटी होती. भावाने आधी चूळ भरली, दोन दात बेसिनमध्ये थुंकले. मग फादरांच्या कपाळाची जखम धुतली, बांधली. मग तो सत्तूरशेजारी येऊन बसला, तिच्या डाव्या हाताला, म्हणजे ऐकू येणारा कान तिच्याकडे.

"हात दे."

"नको."

"दोन बोटं वाकडी झालीत, ताई. असाच ठेवलास तर सत्तूर धरता येणार नाही. हात दे."

पंधरा वर्षांनी त्याने ताई म्हटलं होतं. तिने हात दिला. रविवारच्या शाळेच्या फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी होती, ती त्याने गुडघ्यावर मोडली, तुकडा बोटाखाली धरला आणि एका झटक्यात बोट सरळ केलं. ती कळवळून ओरडली. तो थांबला नाही.

"शिंप्याचे हात..." ती म्हणाली. "मी तसं म्हटलं नव्हतं. देवाशप्पथ, माझा अर्थ तसा नव्हता."

"पाच बोटं चालतील म्हणतात. कातरी धरता येणार नाही."

मग एकदम तिचा आवाज चढला. "आलास कशाला रे तू? मला खिजवायला?"

"तुझा काय संबंध?" तो पट्टी गुंडाळत म्हणाला. "मी प्रसाद घ्यायला आलो होतो."

"मी पाळलं! सगळं पाळलं मी. मला नको होतं का माणूस घरात? मग तू का नाही पाळायचं?"

त्याचं तोंड सुजलं होतं, शब्द जाड येत होते. "तू पाळलंस ते कोणासाठी, ताई? देवासाठी, की माझ्यासारख्याच्या टाळक्यात घालायला?"

तिने ओरडायला तोंड उघडलं. नेहमीची शिवी जिभेवर आली होती, ती तिथेच अडली. तिने खरंच आठवून बघितलं, एकेक वर्ष.

"पहिली पाचेक वर्षं देवासाठी," ती म्हणाली. "पुढचं काही सांगता येत नाही."

भावाने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने दुसरं बोट हातात घेतलं.

"हलवू नकोस," तो म्हणाला. "हे जास्त दुखणार आहे."